गर्दींत तापणारी मोटार



मोटारगाडीच्या एंजिनाविषयीं बोलण्याचा या म्हाताऱ्या मास्तरास अधिकार काय, असा प्रश्न आपल्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल, आणि तो रास्त आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारी हयात बिलोली तालुक्यांतील शाळांतून मुलांना अंकगणित व व्याकरण शिकविण्यांत गेली. यंत्रशास्त्राचें पुस्तक मीं कधीं उघडलें नाहीं. परंतु माझ्या जुन्या मारुति गाडीनें मला दोन उन्हाळे असें कांहीं छळलें, कीं त्यांतून जें शिकलों तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांच्या दारांत मोटार उभी आहे अशा कुटुंबांना त्याचा थोडाफार उपयोग व्हावा.

गाडीचें दुखणें असें होतें. उघड्या रस्त्यावर ती उत्तम चाले. बिलोलीहून नरसी, नरसीवरून नायगांव आणि तेथून नांदेड, या सबंध वाटेवर उष्णतेचा कांटा मध्याखालीं स्थिर असे. पण नांदेडची वस्ती लागली, पुढें ट्रक, मागें ऑटोरिक्षा आणि मधें एखादी वरात अशी अवस्था झाली, कीं दहा-पंधरा मिनिटांत कांटा वर चढूं लागे. रस्ता मोकळा झाला कीं तो पुन्हां आपोआप खालीं येई. मनुष्य धांवला म्हणजे तापतो आणि उभा राहिला म्हणजे निवतो. ही गाडी मात्र धांवतांना शांत आणि उभी असतांना तापट! आमच्याकडील मिस्त्री लोक याला 'गाडी हीट मारते' असें म्हणतात.

शहरांतील एका गॅरेजांत मीं गाडी दाखविली. त्या गृहस्थानें माझें बोलणें अर्धेंच ऐकून घेतलें. रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट म्हणून एक लहानसा भाग असतो तो काढून माझ्या हातांत ठेवला, आणि 'आतां ही कधींच तापणार नाहीं' असें अभिवचन दिलें. पैसे बरेच झाले. परत येतांना रस्ता मोकळा होता, त्यामुळें गाडी तापली नाहीं, आणि मी त्या गृहस्थास मनांतल्या मनांत दुवा देत घरीं आलों.

पुढचा मे महिना आला. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. नववा महिना लागलेला. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनीं अकराची वेळ दिली होती, म्हणून मी, मुलगी आणि तिची आई असे सकाळींच निघालों. गोदावरीचा पूल ओलांडून वजिराबादकडे वळलों आणि अडकलों. पुढें हलेना, मागें सरकेना. ऊन आमच्याकडील मे महिन्याचें. त्याचें वर्णन मराठवाड्यांतील श्रोत्यांस करावयास नको. पाहतां पाहतां कांटा तांबड्या रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघूं लागली. "अहो, धूर येतोय!" असें मागून सौभाग्यवतींनीं सांगितलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं, पण तिचा चेहरा मला आरशांत दिसत होता.

मी घाईघाईनें खालीं उतरलों, बॉनेट उघडलें, खांद्यावरचा पंचा रेडिएटरच्या झांकणाभोंवतीं गुंडाळला आणि तें पिळणार, तोंच कोणीतरी माझें मनगट घट्ट धरलें.

"गुरुजी, काय करायलात! हात भाजंल!"

माझ्या हाताखालीं चवथ्या इयत्तेंत शिकून गेलेला एक विद्यार्थी होता तो. आतां नांदेडांतच मोटारदुरुस्तीचें काम करतो. गर्दींत त्याची मोटारसायकल आमच्या मागेंच अडकली होती. त्यानें प्रथम काय केलें? गाडीकडे पाहिलेंच नाहीं. पलीकडच्या गल्लींतून एक ऑटोरिक्षा वळवून आणली, मुलीला आणि तिच्या आईला तींत बसविलें आणि डॉक्टरीणबाईंकडे रवाना केलें. नंतर आम्ही दोघांनीं गाडी ढकलून एका दुकानाच्या सांवलींत लावली. "आतां पाऊण तास हिला कोणी हात लावायचा न्हाई," असें म्हणून तो चक्क पायरीवर बसला. त्या पाऊण तासांत त्यानें मला जें समजावून दिलें तें मी आपल्या भाषेंत सांगतों.

एंजिनांत पेट्रोल जळतें, त्या उष्णतेचा ढोबळ मानानें तिसरा हिस्सा गाडी चालविण्याच्या कामीं येतो. दुसरा तितकाच सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो. उरलेली उष्णता एंजिनाच्या धातूंत शिरते, आणि ती तेथून काढली नाहीं तर धातु वांकडा होईल. म्हणून एंजिनाच्या भोंवतालच्या पोकळींतून एक पंप पाणी फिरवितो. तें तापलेलें पाणी पुढच्या बाजूस रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातें, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा वाहते, आणि निवलेलें पाणी पुन्हां एंजिनांत येतें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. हें पाणी मोकळें नसून दाबाखालीं कोंडलेलें असतें. आपल्या घरांतील प्रेशर कुकरचाच हा प्रकार. झांकणांतील स्प्रिंगेमुळें आंत दाब राहतो, आणि जें पाणी एरवीं १०० अंशांवर उकळावयाचें तें ११५-१२० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. अशा वेळीं झांकण काढलें म्हणजे दाब एकदम नाहींसा होतो, सारें पाणी एका क्षणांत उकळतें आणि कारंज्यासारखें तोंडावर येतें. शिट्टी न उतरलेला कुकर घरांतील कोणतीहि सुगरण उघडणार नाहीं. तोच मूर्खपणा मी भर बाजारांत करावयास निघालों होतों.

आतां हवेचा प्रश्न. पहिल्या मोटारींत पाणी निवविण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तें उकळून वाफ होऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टांत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटर मोटारीनें गेल्या, तेव्हां वाटेंत जेथें मिळेल तेथें गाडीला पाणी पाजावें लागलें. पुढें १९०१ च्या मर्सिडीझ गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख यांनीं मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा, हजारों बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि त्याच्या मागें एक पंखा बसविला. गाडी वेगानें जात असेल तेव्हां वारा आपण होऊनच रेडिएटरमधून घुसतो. पंखा लागतो तो हळू चालतांना आणि उभें असतांना. सव्वाशें वर्षांपूर्वीं ओळखलेली ही गोष्ट माझ्या गाडीच्या रोगाचें मूळ होती.

जुन्या फियाट आणि अँबॅसडर गाड्यांत हा पंखा पट्ट्यानें एंजिनालाच जोडलेला असे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या पद्मिनी गाड्या मुंबईंत टॅक्सी म्हणून कित्येक दशकें धांवल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यांपैकीं शेवटचीहि सेवेंतून गेली. त्यांचा पंखा एंजिन चालेल तोंवर फिरे. दोष एवढाच, कीं गर्दींत एंजिन मंद झालें कीं पंखाहि मंदावे. म्हणून जुने चालक गाडी उभी असतांना मधून मधून ॲक्सिलरेटर दाबीत. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति रस्त्यावर आली. तिचा पंखा विजेचा. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत तापलें कीं एक लहानसा स्विच तो सुरू करतो आणि निवलें कीं बंद करतो. योजना नामी आहे. पण हा पंखा बंद पडला तर उघड्या रस्त्यावर चालकाला त्याचा पत्ताच लागत नाहीं, कारण तेथें त्याची गरज नसते. पत्ता लागतो तो वजिराबादेंत.

माझ्या विद्यार्थ्यानें मला पहिला प्रश्न विचारला तो हाच: "गुरुजी, गाडी कुठं तापते? पळताना का उभी राहिल्यावर?" मीं सांगितलें. तो म्हणाला, "मग रेडिएटर कशाला बदलला?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. रेडिएटर आंतून कोंदला असेल तर गाडी वेगानें जातांना, घाट चढतांना, माणसें व सामान भरलेलें असतांना आधीं तापते, कारण तेव्हां एंजिन अधिक उष्णता निर्माण करतें आणि पाणी पुरेसें फिरत नाहीं. थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असेल तर गाडी घरून निघाल्यावर थोड्याच वेळांत तापेल; गर्दी असो वा नसो. माझी गाडी या दोहोंपैकीं कोणतेंच लक्षण दाखवीत नव्हती. म्हणजे पाणी फिरत होतें, हवा मिळत नव्हती. एका प्रश्नानें अर्धे संशयित सुटले. मुलाचें गणित चुकलें तर सारी पाटी पुसावयास लावणारा शिक्षक मी कधींच नव्हतों. चूक कोणत्या पायरीवर झाली तें पाहावें, असें जन्मभर सांगत आलों. स्वतःच्या गाडीच्या बाबतींत मात्र पाटी पुसणाऱ्यालाच पैसे देऊन बसलों.

पाऊण तासानें त्यानें झांकणावर जाड गोणपाट टाकून तें प्रथम थोडेंसें सैल केलें, उरलेली वाफ जाऊं दिली आणि मग काढलें. पाणी बरेंच कमी झालें होतें. तें हळूहळू भरलें. तापलेल्या एंजिनांत थंड पाणी एकदम ओतलें तर हेडला तडा जाण्याचें भय असतें, असें त्यानें बजावलें. मग गाडी सुरू केली आणि आम्ही दोघे पंख्याकडे पाहत उभे राहिलों. कांटा मध्यावर आला, मध्य ओलांडून वर गेला, पंखा निश्चल. त्यानें एंजिन बंद केलें. फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. मग पंख्याच्या मोटरीला बॅटरीपासून दोन तारा परस्पर जोडल्या, आणि पंखा घर्रकन फिरला. म्हणजे मोटर जिवंत. नंतर रेडिएटरजवळच्या त्या स्विचाचें टोपण काढून त्याचीं दोन टोकें एका तारेच्या तुकड्यानें जोडलीं, चावी फिरविली. पंखा पुन्हां फिरला. म्हणजे ताराहि ठीक. उरला तो स्विच. अंगठ्याएवढी ती वस्तु मेली होती, आणि तिच्यासाठीं मीं नवा रेडिएटर विकत घेतला होता! नवा स्विच चारशें रुपयांच्या आंत आला. ज्यांना हा प्रयोग स्वतः पाहावयाचा असेल त्यांना एक इशारा देतों. विजेचा पंखा कित्येक गाड्यांत एंजिन बंद असतांनाहि एकाएकीं सुरू होतो. बोट, पदर, पंचा त्याच्याजवळ नेऊं नये.

पंखा फिरत असूनहि गाडी गर्दींत तापते, असेंहि घडतें. सोयाबीनच्या राशी चालू असतात त्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर भुसकट उडतें, कापसाच्या गाड्यांमागून गेलें कीं तंतु येतात, आणि हें सारें एअर-कंडिशनरची जाळी व रेडिएटर यांच्या मधल्या फटींत जाऊन गादीसारखें बसतें. वरून कांहीं दिसत नाहीं. पंख्याच्या बाजूनें, म्हणजे मागून पुढें, साध्या नळीनें पाणी मारलें तर तें निघून जातें. जोरदार फवाऱ्यानें मात्र पातळ पत्रे मुडपतात. दुसरा एक गमतीचा दोष त्यानें सांगितला. दुरुस्तींत कोणी मोटरीच्या तारा उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हवा आंत ओढण्याऐवजीं बाहेर फेकतो. पंखा चालू असतांना जाळीच्या पुढें कागदाचा कपटा धरावा. चिकटला तर ठीक. उडून गेला तर तारा बदलाव्या.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील रीत मला आतां फार चुकीची वाटते. हा भाग म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा एक दरवाजा होय. एंजिन थंड असतांना तो बंद राहतो, आणि साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडतो, म्हणजे एंजिन लौकर योग्य उष्णतेस येतें. आपला देश उष्ण, तेव्हां येथें याचें काय काम, असा युक्तिवाद केला जातो. परंतु दरवाजा नसेल तर उघड्या रस्त्यावर एंजिन नको तितकें थंड राहतें, पेट्रोल अधिक जळतें, तेल पुरतें तापत नाहीं आणि धातु झिजतो. माझ्या गाडीचा कांटा मध्याखालीं राही त्याचें मला कौतुक वाटे. थर्मोस्टॅट काढल्यावर तो आणखी खालीं गेला, तेव्हां तें प्रकृतीचें लक्षण नव्हतें, अशक्तपणाचें होतें. विद्यार्थ्यानें नवा थर्मोस्टॅट बसविला.

पाण्याविषयीं दोन शब्द. जुन्या रेडिएटरमधून काढलेलें पाणी त्या गॅरेजांत मीं पाहिलें होतें. गेरूसारखें तांबडें होतें. अपराधी मीच. वर्षभर अंगणांतील बोअरचें पाणी भरीत होतों. ज्या पाण्यानें आंघोळीच्या बंबांत पांढरा थर बसतो, तेंच पाणी सुईएवढ्या नळ्यांत काय करील? कूलंट म्हणून जें रंगीत द्रव्य मिळतें त्यांत ग्लायकॉल असतें, त्यामुळें उकळण्याची मर्यादा वाढते, आणि गंज न धरण्याचीं औषधें असतात. तें तयार मिळतें, किंवा शुद्ध केलेल्या पाण्यांत निम्मेंनिम्म मिसळावें लागतें. डब्यावर लिहिलेलें असतें तें वाचावें. दोन निराळ्या जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत. आणि तें चवीला गोडसर पण विषारी असतें, म्हणून मुलें व जनावरें यांच्यापासून दूर ठेवावें.

नांदेडचा बाजार एक वेळ ठीक, पण पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना बोरघाटांतील खोळंबा अधिक परिचित असेल. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला तरी जोडून सुट्या आल्या कीं घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात, आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. तेथें चढ आणि गर्दी हीं दोन्ही एकत्र येतात. अशा ठिकाणीं कांटा वर जाऊं लागला तर प्रथम एअर-कंडिशनर बंद करावा. मग, ऐकून हंसूं येईल, पण हीटर पूर्ण जोरानें लावावा आणि कांचा खालीं कराव्या. हीटर म्हणजे एंजिनाच्या पाण्यावर चालणारा दुसरा लहान रेडिएटरच होय. एंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. आमच्या घरच्या मंडळींनीं मे महिन्यांत हा उपाय एकदां सोसला आहे, आणि त्याबद्दलचे त्यांचे शब्द मी येथें सांगत नाहीं. गाडी खोळंबली असेल तर न्यूट्रलमध्यें ठेवून ॲक्सिलरेटर किंचित् दाबावा, म्हणजे पंप जलद फिरतो. इतकेंहि करून कांटा तांबड्यांत गेला तर मात्र पुढच्या वळणापर्यंत जाऊं, असा विचार करूं नये. गाडी कडेला घ्यावी व एंजिन बंद करावें. आणखी एक फसवी गोष्ट: पाणी सारें गळून गेलें तर कांटा कधीं कधीं एकाएकीं खालीं येतो. उष्णता मोजणारें टोंक पाण्यांत असावें लागतें. तें कोरडें पडलें म्हणजे खोटें बोलतें. वाफ दिसली आणि कांटा उतरला, तर तें शुभलक्षण समजूं नये.

या हट्टापायीं हेड वांकडें होतें आणि त्याखालची पॅकिंग जाते. मग कूलंटमध्यें बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो, तेलाचा रंग ताकासारखा होतो. तेथें घरगुती उपाय नाहीं. काम हजारों रुपयांचें होतें, आणि तें निमूटपणें करावें.

माझ्या गाडीवर ती पाळी आली नाहीं. मुलगी त्या दिवशीं वेळेवर पोंचली होती. आठ दिवसांनीं तिला मुलगा झाला. विद्यार्थ्यानें मजुरी घेतली नाहीं. बारशाला आला तेव्हां पाळण्याकडे जाण्याअगोदर अंगणांत जाऊन बॉनेट उघडून पाणी पाहून आला.

गेल्या मे महिन्यांत आम्ही त्याच वजिराबादेंत पुन्हां अडकलों. नातू मागच्या बाकावर आजीच्या मांडीवर होता. कांटा मध्यावर आला, जरासा वर सरकला, आणि पुढून घर्र असा आवाज झाला. "हा कसला आवाज?" असें सौभाग्यवतींनीं दचकून विचारलें.

"पंखा लागला," मी म्हणालों.